‘फॅमिली कोर्टात वकील हवाच कशाला?’

लग्न मोडायच्या वाटेवर असलेल्या माणसाला हा मेसेज कुणी ना कुणी पाठवतंच. मजकूर थोडक्यात असा: फॅमिली कोर्टात वकिलाला कायद्यानेच बंदी आहे. दोघं राजी असाल तर बाँड पेपरवर लिहून घ्या, फार तर दोघांत मिळून एक वकील करा, सहा महिन्यांत मोकळे. पोटगी पगाराच्या २५ टक्के आणि मूल लहान असलं तर आईकडे, हे ठरलेलंच असतं, त्यात वकील काय करणार? केलाच तर समोरच्याला फाडून खाणारा करा. नाहीतर वकील हे पैसेवाल्यांचे चोचले.

यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याला कुठल्यातरी कलमाचा किंवा निकालाचा तुकडा चिकटलेला आहे, म्हणून ते पटतं. तुकड्याच्या पुढचं मात्र कुणी वाचलेलं दिसत नाही.

आधी बंदीचं बघू. कुटुंब न्यायालय कायदा १९८४ सालचा. त्याचं कलम १३ म्हणतं की या न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडणं हा पक्षकाराचा हक्क असणार नाही. हक्क नाही म्हणजे न्यायालयाची परवानगी लागते, एवढंच. वकीलपत्रासोबत तसा अर्ज देतात आणि परवानगी मिळते. हे रोजचं आहे. न्यायालयाला वाटलं तर ते स्वतःहूनही कायद्याच्या जाणकाराला न्यायमित्र म्हणून बोलावू शकतं, हेही त्याच कलमात आहे. हेतू असा की नवरा-बायकोने न्यायाधीशांशी आणि समुपदेशकांशी स्वतः बोलावं, कारण आधी तडजोडीचा प्रयत्न करणं हे कलम ९ प्रमाणे या न्यायालयाचं कर्तव्यच आहे. हेतू चांगला आहे. पण समुपदेशकांच्या खोलीत वकील नको, यावरून अर्ज लिहितानाही वकील नको असं निघत नाही. शिवाय ज्या जिल्ह्यात कुटुंब न्यायालय स्थापनच झालेलं नाही तिथे दावा दिवाणी न्यायालयात चालतो आणि कलम १३चा प्रश्नच येत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याखालचा अर्ज मॅजिस्ट्रेटपुढे जातो, तिथेही वकील नेहमीसारखेच उभे राहतात.

आता दुसरा मुद्दा, ‘दोघं राजी असाल तर’. सगळ्यात जास्त नुकसान हा करतो.

बाँड पेपरवर सह्या करून, नोटरीचा शिक्का मारून हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न मोडत नाही. त्या कायद्यात रूढीने होणाऱ्या काडीमोडीला जागा आहे, पण आपल्या समाजात तशी रूढी आहे हे वेळ आल्यावर पुराव्याने सिद्ध करावं लागतं. ते जमलं नाही आणि त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलेलं असलं, तर तो द्विभार्येचा किंवा द्विपतीचा गुन्हा ठरतो. त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे.

रीतसर रस्ता हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब चा. किमान एक वर्ष वेगळे राहत असाल तर संयुक्त अर्ज करायचा, मग सहा महिने थांबून, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे संमती सांगायची. हे सहा महिने अटळ नाहीत, योग्य प्रकरणात न्यायालय ते माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं. म्हणजे ‘सहा महिन्यांत मोकळे’ यातला आकडा कधी कमीही होतो. मेसेजमध्ये नाही ते त्याच न्यायालयाच्या १९९१ सालच्या निकालात आहे: हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. पहिल्या तारखेलाच सगळी रक्कम देऊन बसलेल्या नवऱ्याला किंवा त्याच भरवशावर आपल्या सगळ्या केसेस काढून घेतलेल्या बायकोला हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. जाणता वकील रकमेचे हप्ते पाडतो. थोडी आता, उरलेली दुसऱ्या वेळी न्यायालयासमोर डिमांड ड्राफ्टने, आणि कुठली केस कोणत्या टप्प्यावर काढायची, हे सगळं तो तडजोडीच्या कागदात लिहून घेतो.

त्या कागदाला कोर्टात कन्सेंट टर्म्स म्हणतात. माझ्या मते घटस्फोटात वकिलाची सगळ्यात जास्त गरज भांडणात लागत नाही, या दोन-चार पानांत लागते. कारण कुटुंब न्यायालय कायद्याच्याच कलम १९ प्रमाणे उभयतांच्या संमतीने झालेल्या आदेशावर अपील नाही. भांडून हरलात तर उच्च न्यायालय आहे. राजीखुशीने चुकीचं लिहून दिलंत तर फसवणूक झाल्याचं सिद्ध करत बसायचं.

आणि राजीखुशीची माणसं काय लिहितात? ‘वडील दोघांच्या सोयीने मुलाला भेटतील.’ वाचायला गोड आहे. पण सहा महिन्यांनी एकाची सोय दुसऱ्याला गैरसोयीची वाटू लागली की या वाक्याच्या बळावर दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करून काहीही मिळवता येत नाही, कारण वार नाही, वेळ नाही, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीची वाटणी नाही, व्हिडिओ कॉलचा उल्लेख नाही. ‘शिक्षणाचा खर्च वडील करतील.’ कुठपर्यंतचं शिक्षण? क्लासची फी त्यात धरायची का? पैसे थेट शाळेला द्यायचे की आईच्या खात्यात? ‘घर पत्नीकडे राहील, कर्ज पती फेडेल.’ पण कर्ज दोघांच्या नावावर असेल तर बँक या कागदाला बांधील नाही; हप्ते थकले की तगादा दोघांनाही. त्याचं काय करायचं हे सहीच्या आधी बँकेत जाऊन ठरवायचं असतं. मुलाच्या पासपोर्टला सही कोण देणार, विम्याला आणि पीएफला लागलेलं वारसाचं नाव कोण बदलणार, हे तर कुणाच्या डोक्यातही येत नाही. मुलांविषयीच्या अटी परिस्थिती बदलली की न्यायालय पुन्हा बघू शकतं, एवढा दिलासा आहे. एकरकमी घेऊन ‘यापुढे काहीही मागणी नाही’ असं लिहून दिल्यावर मागे फिरणं फार अवघड.

दोघांत एक वकील? संयुक्त अर्जाला एकच वकील असणं सर्रास चालतं. मूल नाही, दोघंही कमावते, सामायिक घर किंवा कर्ज नाही, अशा ठिकाणी त्यात गैरही काही नाही. असं जोडपं स्वतः उभं राहिलं तरी निभावेल. बाकीच्यांनी एवढं लक्षात ठेवावं की बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे ज्या वकिलाने एका बाजूला सल्ला दिला किंवा तिचा अर्ज लिहिला त्याला त्याच प्रकरणात दुसऱ्या बाजूने उभं राहता येत नाही. म्हणजे बिनसलं की तो फार तर एकाचा. बहुतेकदा ज्याने फी दिली त्याचा, असं मी म्हणेन. एकच वकील ठेवायचा असेल तर ठेवा, पण सही करण्याआधी त्या अटी आपल्या ओळखीच्या दुसऱ्या वकिलाला एकदा वाचायला द्या. फी एका बैठकीची पडते.

पोटगीचा २५ टक्क्यांचा आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालातून उचललेला आहे. तो त्या प्रकरणापुरता योग्य वाटलेला आकडा होता, कोष्टक नव्हे. त्याच न्यायालयाच्या २०२० च्या निकालाने चित्र बरंच स्पष्ट केलं: दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. अर्ज सहा महिने उशिरा केला की तेवढे महिने हातचे गेले. वकील इथे कामाला येतो तो या प्रतिज्ञापत्रापुरता. समोरच्याने पगार दाखवला आणि भाड्याचं उत्पन्न गाळलं, हे कुणीतरी पकडावं लागतं. मुलाच्या ताब्याबद्दल, १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल ‘साधारणपणे’ आईकडे असं आहे, आणि त्याच कायद्यात मुलाचं हित सगळ्यात वर ठेवलंय. मेसेजवाल्याने ‘साधारणपणे’ गाळलं.

फाडून खाणाऱ्या वकिलाची हौस पक्षकारांनाच असते, हेही सांगायला हवं. वकील प्रकरणं लांबवतात ही तक्रार खोटी नाही. पण आपल्या अर्जात समोरच्याची जितकी बदनामी तितका आपला वकील भारी, असं मानणारे अशिलही कमी नाहीत. २००३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात बायकोने घटस्फोट मागितला होता आणि नवऱ्याने आपल्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, तिच्या चारित्र्यावर चिखलफेक केली होती. पुढे दुरुस्ती करून त्याने तो मजकूर काढूनही टाकला. न्यायालयाने ते लिहिणं हीच मानसिक क्रूरता धरली आणि बायकोला मिळालेला घटस्फोट कायम ठेवला. नवऱ्याच्या बचावानेच त्याची केस बुडवली. म्हणून दाखल होण्याआधी आपला अर्ज किंवा कैफियत शब्दन् शब्द स्वतः वाचा, आणि ‘असंच लिहावं लागतं’ म्हणून खोटे आरोप घालणाऱ्याला नमस्कार करा.

‘मिळेल त्या पोटगीतले इतके टक्के माझे’ असं ठरवणाऱ्या वकिलालाही तोच नमस्कार. निकालावर अवलंबून असलेली किंवा मिळणाऱ्या रकमेतल्या वाट्याची फी वकिलांच्या नियमांतच बसत नाही. फी टप्प्यावर आहे की तारखेवर, तारखेला स्वतः येणार की ज्युनिअर, हे पहिल्याच भेटीत विचारायला लाजू नका. वकील बदलायचा झाला आणि फी थकली म्हणून जुना वकील फाइल अडवून बसला, तर तसा अधिकार त्याला नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय. थकबाकी त्याने वेगळी वसूल करावी.

राहिले पैसेवाल्यांचे चोचले. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२: स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही. इतर बहुतेक पुरुषांना राज्याने ठरवलेली उत्पन्नाची मर्यादा लागते. अर्ज तालुका किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा कार्यालयात द्यायचा. चौकशीसाठी १५१०० हा फोन नंबर आहे. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली ज्याला स्वतःचं पुरेसं उत्पन्न नाही त्याला, मग ती बायको असो की नवरा, खटल्याचा खर्च समोरच्याकडून मागता येतो, आणि त्या खर्चात वकिलाची फी येते.