थंडीतल्या गमबुटाचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

गहू-हरभऱ्याचं भरणं, म्हणजे रात्रीचं पाणी देणं, सुरू झालं की तो मेसेज परत फिरायला लागतो, आणि यंदा तर गावातल्या भाऊबंदांपासून पुण्याला कंपनीत असलेल्या पोरांपर्यंत सगळ्यांनी तो पुढे ढकललाय. ज्यांच्यापर्यंत आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यात म्हटलंय की थंडीत वावरात जाणाऱ्याने जाड रबराचा गमबूट घ्यावा, रबर जितकं जाड तितकी ऊब जास्त; बूट एकदम घट्ट घ्यावा म्हणजे गार हवा शिरत नाही; आत सुती मोज्यांच्या दोन जोड्या आणि वरून प्लास्टिकची पिशवी; बाकी कुठला बूट घ्यायचा तर वॉटरप्रूफ लिहिलेला डोळे झाकून घ्यावा; ओला झाला तर शेकोटीला वाळवावा; आपल्याकडे बर्फ पडत नाही त्यामुळे थंडीने पाय खराब व्हायचा प्रश्नच नाही; आणि सगळ्यात शेवटी, गमबूट पायात असला की पाण्याच्या मोटारीचा शॉक लागत नाही. "हाऊ मेसेज खरा शे का भो?" असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

क्रम मोडून शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्यात पाय गारठेल, ह्यात माणूस जाईल. साधा गमबूट शॉकपासून वाचवतो असं धरून चालू नका. विजेच्या कामाचे इन्सुलेशनचे बूट वेगळे येतात, ते ठरावीक व्होल्टेजवर तपासलेले असतात आणि तसं त्यांच्यावर छापलेलं असतं. आपण बाजारातून आणतो त्या काळ्या गमबुटाची अशी तपासणी झालेली नसते, काळ्या रबरात कार्बनची काजळी मिसळलेली असते आणि ती किती मिसळली त्यावर ते रबर वीज किती अडवेल हे ठरतं, शिवाय बूट आतून घामाने ओला, बाहेरून चिखल, तळव्यात कुठेतरी बाभळीचा काटा घुसून बारीक भोक पडलेलं. बरं समजा बूट अगदी कोरडा आणि अखंड आहे, तरी एक हात स्टार्टरच्या पेटीवर आणि दुसरा लोखंडी पाइपवर असेल तर करंट एका हातातून छातीतून दुसऱ्या हातात जातो, तिथे पायात काय घातलंय ह्याला काही अर्थच राहत नाही. रात्रीची लाईट आली की झोपेतून उठून ओल्या हाताने पेटी उघडायची सवय आपल्याकडे घरोघर आहे, त्या माणसाला "गमबूट आहे ना, काही होत नाही" असं सांगणं म्हणजे त्याला मरणाकडे ढकलणं आहे. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, पेटीला गळती करंट तोडणारा ब्रेकर बसवून घ्या, हात कोरडे करूनच पेटीला लावा, आणि वायर तुटून पाण्यात पडलेली दिसली तर गमबूट घालूनसुद्धा त्या पाण्यात पाय टाकू नका.

आता जाड रबर म्हणजे जास्त ऊब. नाही. ऊब रबर देत नाही, आत अडकलेली, न हलणारी हवा देते, गोधडीत चिंध्यांच्या थरांमध्ये हवा अडकते म्हणून ती गरम लागते तसंच. रबर किंवा पीव्हीसी (एक प्रकारचं प्लास्टिक) पाणी अडवतं, तेवढंच त्याचं काम, आणि ते काम ते चोख करतं. पण आतून नुसता गुळगुळीत गमबूट असेल तर जाडी वाढवून फक्त वजन वाढतं. ऊब पाहिजे तर आत अस्तर पाहिजे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तळवा बघा. पाय गारठतो तो जास्त करून खालून, गार ओल्या जमिनीला तळवा तासन् तास टेकलेला असतो आणि अंगाचं वजन पडून मोज्याचा तळाकडचा भाग दबून चपटा होतो, त्यातली हवाच निघून जाते. म्हणून नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड इनसोल, म्हणजे तळव्याखालची सुटी गादी, आत टाका. नमदा नाही मिळाला तर फोमचा टाका. चारपाचशेच्या गमबुटात ह्या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा महागाच्या बुटानेही कधी कधी पडत नाही. अस्तर घेताना एवढंच बघा की ते बाहेर निघतं का. आत चिकटवलेली फर दुकानात हाताला फार छान लागते पण एकदा ओली झाली की दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओली फर घालून जाण्यापेक्षा बिनफरीचा बूट बरा.

गमबूट घेताना रबर की पीव्हीसी हे विचारा. पीव्हीसी स्वस्त, पण गारठ्यात कडक होतं आणि रोज वाकून घोट्याच्या घडीवर चिरतं, रबर थंडीतही मऊ राहतं. आयएसआय मार्क असेल तर खाली नंबर बघा, आयएस ५५५७ हा रबरी बुटांचा आणि आयएस १२२५४ पीव्हीसीचा. आणि ऑनलाइन "उणे ३० अंशापर्यंत" असं लिहिलेले बूट दिसतात त्यांच्या मागे लागू नका. तो आकडा बहुतेक वेळा कंपनीने आपल्या पद्धतीने काढलेला असतो, दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही, माणूस चालतोय का उभा आहे ह्यावरही सगळं बदलतं. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात पारा पाच-सहा अंशांवर आला की आपल्याकडे बातमी होते. सातपुड्यात तोरणमाळ, डाबकडे दव गोठतं खरं, पण तिथेसुद्धा उणे तिसाचा बूट घालून कुदळ-फावडं मारलं तर पाय घामाने भिजेल, आणि भिजलेला पाय अर्ध्या तासाने बांधावर बसलात की बर्फासारखा होतो.

घट्ट बुटाचा मुद्दा तर पूर्ण उलटा आहे. पायाला ऊब रक्त आणून देतं, घट्ट बुटात रक्ताचा पुरवठाच दबतो, वर मोजाही दबतो. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पाहिजे. संध्याकाळी घ्यायला जा कारण दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो, आणि जाताना जो जाड मोजा घालणार आहात तोच घालून जा. गमबुटात अर्धे नंबर सहसा नसतात, तेव्हा एक नंबर मोठा घेऊन इनसोलने जुळवा. फक्त टाच फार उचलली जायला नको, चिखलात बूट रुतून बसतो आणि पाय बाहेर येतो.

दोन सुती मोजे आणि पिशवी. सुताचा दोष एवढाच की ते पाणी पितं आणि धरून ठेवतं. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं, म्हणजे मोजा भिजला की तो गरम करत नाही, गार करतो. एकावर दोन घातले तर भिजायला कापड दुप्पट झालं एवढंच. लोकर आपल्या वजनाच्या तिसेक टक्के ओल पोटात घेते तरी अंगाला ओली लागत नाही, म्हणून एकच चांगला लोकरीचा मोजा घाला. हिवाळ्यात स्वेटरवाले येतात त्यांच्याकडे मोजे असतात पण लोकर म्हणून बऱ्याचदा ॲक्रेलिक मिळतं, एक धागा काढून जाळून बघा, लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते, ॲक्रेलिक वितळून कडक मणी होतो. ॲक्रेलिकही सुतापेक्षा बरं आहे, फक्त लोकरीचे पैसे देऊ नका. पिशवीचं म्हणाल तर गमबूट आधीच पाणी आत येऊ देत नाही, मग पिशवी कोणतं पाणी अडवणार? ती फक्त पायाचा घाम आत कोंडते, आणि पाय आत घसरतो तो वेगळा. बूट अचानक फाटला आणि सारा, म्हणजे वावरातला लांब वाफा, भरून होईपर्यंत निभवायचंय, तेवढ्यापुरती पिशवी ठीक आहे. त्यापेक्षा एक कोरडी मोज्यांची जोडी खिशात ठेवा आणि मधल्या वेळेत बदला.

"बर्फ नाही म्हणून पाय खराब होत नाही" हा मुद्दा मला शॉकच्या खालोखाल डाचतो. पाय खराब व्हायला बर्फ लागत नाही, ओल आणि वेळ पुरते. पहिल्या महायुद्धात १९१४-१५ च्या हिवाळ्यात खंदकात पाण्या-चिखलात उभ्या असलेल्या हजारो सैनिकांचे पाय खराब झाले, त्या आजाराला ट्रेंच फूट नाव पडलं, आणि तो १५-१६ अंश तापमानातसुद्धा होऊ शकतो, फक्त पाय कित्येक तास ओला आणि गार राहिला पाहिजे. आता आपली रात्र बघा. बोअरचं पाणी बाहेर पडताना कोमट लागतं म्हणून माणूस बिनधास्त चप्पल घालून उतरतो, पण तेच पाणी पाटातून शेवटच्या साऱ्यापर्यंत जाईस्तोवर गार झालेलं असतं, आणि गिरणा धरणाचं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलेलं असेल तर चारीचं पाणी पहिल्यापासूनच गार. बाहेर आठ-नऊ अंश, लाईट जाईपर्यंत भरणं चालू, म्हणजे आठ-आठ तास पाय ओला. पाय बधीर पडणं, पांढरा किंवा निळसर दिसणं, घरी आल्यावर लाल होऊन सुजणं आणि आग होणं, ही लक्षणं "थंडीमुळे होतंच" म्हणून सोडू नका, डॉक्टरला दाखवा. बधीर पाय शेकोटीला धरू नका, चटका बसलेला कळतच नाही. आधी कोरडा करा, कोरड्या कापडात गुंडाळा, हळूहळू ऊब येऊ द्या. घरात शुगरवाले आई-वडील असतील आणि अजून पाणी भरायला जात असतील तर त्यांच्या पायाची जाणीव आधीच कमी झालेली असू शकते, त्यांचे तळवे रोज रात्री बॅटरी लावून बघा, आणि जमलं तर त्यांची रात्रीची पाळी दुसऱ्या कोणी घ्या.

वॉटरप्रूफ लिहिलेला बूट. ज्याला पाण्यात उभं राहायचं नाही, म्हणजे पहाटे दूध घालणारा, भुसावळच्या यार्डात ड्युटी करणारा, एमआयडीसीतला वॉचमन, दव पडलेल्या दादर ज्वारीतून चालणारा, त्याला गमबुटाची गरजच नाही, घोट्याच्या वर येणारा पाणी अडवणारा बूट बास होतो. पण वॉटर रेझिस्टंट म्हणजे फक्त शिंतोडे झेलणारा, तो वॉटरप्रूफ नाही, हे दोन शब्द खोक्यावर नीट वाचा. आत पातळ पडदा असलेले बूट येतात, गोअर-टेक्स त्यातला सगळ्यांना माहीत असलेला, १९६९ मध्ये निघालेला. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा खूप बारीक असतात, वाफ जाते पण थेंब येत नाही. चिखलाने बाहेरचं कापड लिंपलं की वाफही जायची बंद होते, म्हणून धुवावा लागतो. जीभ दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत शिवलेली आहे का बघा, सुटी असेल तर पाणी तिथूनच शिरणार. खात्री करायची तर आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद कोंबून बुटाच्या काठाच्या खालीच राहील एवढ्या पाण्यात बूट अर्धा तास दाबून ठेवा, कागद कुठे ओला झाला ते दिसतंच. गमबुटाला अंधारात आतून बॅटरी लावली की बारीक भोकं उजेडाने दिसतात.

शेकोटीबद्दल थोडंच. चुलीजवळ किंवा केळीच्या बागेत धुरासाठी पेटवलेल्या आगीजवळ ठेवलेल्या बुटाचं रबर चिरतं, डिंक सुटतो, चामडं ताठ होऊन भेगाळतं. अस्तर आणि इनसोल बाहेर काढा, आत वर्तमानपत्र कोंबा, दोन-तीन तासांनी कागद बदला, वारा येईल तिथे सावलीत ठेवा, रबरासाठी कडक ऊनही नको. रोज जाणाऱ्याने इनसोलच्या दोन जोड्या ठेवल्या तर एक वाळते तोवर दुसरी वापरता येते. आणि ओसरीवर वाळत ठेवलेला बूट सकाळी पायात घालण्याआधी उलटा करून दोनदा आपटायचा, विंचवाला अशी कोरडी ऊबदार जागा फार आवडते.