नेट तुटलं की आधी राउटर बंद करू नका

उन्हाळा लागला की सोलापूरच्या सोसायटी ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचं सार असं: ‘घरचं वायफाय सारखं तुटतंय? नेटवाल्याच्या मागे लागू नका. राउटर बंद करून दहा मिनिटांनी चालू करा. डीएनएस बदलून ८.८.८.८ टाका. राउटरमागे ॲल्युमिनियम फॉइल लावा. तरी जमलं नाही तर मोठा प्लॅन घ्या. आणि सोलापूरच्या उन्हात फायबर वितळतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये नेट तुटणारच.’

माझ्या बहिणीने जुळे सोलापुरातल्या तिच्या घरी यातलं जवळपास सगळं करून पाहिलं. महिनाभर मनस्ताप झाला, पैसेही गेले. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला सल्ला बंद-चालू करण्याचा. सगळ्यांत जास्त नुकसान यानेच होतं, कारण नेट तुटलेलं असतं त्या मिनिटाला राउटरच्या डबीवरचे दिवे खरं काय ते सांगत असतात आणि आपण नेमका तेव्हाच स्विच बंद करतो. घरगुती राउटरच्या आतली नोंदही बहुतेक वेळा त्याबरोबर पुसली जाते. बंद करण्याआधी अर्धा मिनिट नुसतं बघा. एलओएस नावाचा दिवा लाल झाला असेल तर फायबरमधून, म्हणजे नेट आणणाऱ्या काचेच्या बारीक तारेतून, येणारा प्रकाशच तुमच्यापर्यंत पोचत नाहीये. दोष वायरीत, जॉइंटमध्ये किंवा त्याच्याही पलीकडे. पॉनचा (फायबर जोडणीचा) दिवा हिरवा, स्थिर, पण इंटरनेटचा गेलेला असेल तर प्रकाश येतोय, लॉगिन अडकलंय. ते बहुतेक कंपनीच्या बाजूचं काम. सगळे दिवे एकदम जाऊन पहिल्यापासून लागत असतील तर डबी स्वतःच बंद पडून उठतेय, तेव्हा ॲडाप्टर आणि वीज तपासा. आणि सगळे दिवे जागच्या जागी असूनही फक्त मोबाइलवरच नेट जात असेल तर लाइन बहुधा ठीक आहे, वायफायकडे बघा. चार वेगळे आजार आहेत. बंद-चालू केल्यावर चारही तात्पुरते बरे झाल्यासारखे वाटू शकतात आणि कुठला होता ते कधीच कळत नाही.

घरात लॅपटॉप असेल तर तो लॅन केबलने राउटरला जोडा. स्क्रीनवर कमांडच्या दोन विंडो उघडून एकीत राउटरच्या पत्त्याला आणि दुसरीत बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी सतत विचारणा, सुरू ठेवा. राउटरचा पत्ता त्याच्या तळाच्या स्टिकरवर असतो, बऱ्याचदा १९२.१६८.१.१. दोन्ही उत्तरं एकदम थांबली तर बिघाड राउटरमध्ये किंवा केबलमध्ये. राउटर उत्तर देतोय आणि दुसरीकडची उत्तरं थांबली तर बिघाड राउटरच्या पलीकडे. केबलवर दोन्ही सुरळीत चालू आणि मोबाइल मात्र तुटतोय, तर वायफाय.

डीएनएसचं काम साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणं, एवढंच. ८.८.८.८ ही गुगलची सेवा २००९ पासून आहे आणि चांगली आहे, पण ती तुटलेली लाइन जोडत नाही. आकड्याला पिंग जातंय आणि नावाने काहीच उघडत नाही, अशा वेळीच हा उपाय लागू पडतो. एरवी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

फॉइलने लहरी एका बाजूला वळतात हे खरं. पण त्यामुळे दुसऱ्या बाजूच्या खोलीत रेंज आणखी पडते, आणि राउटरला चिकटवली तर त्याची हवा कोंडते. त्यापेक्षा राउटर लोखंडी कपाटामागून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. अपार्टमेंटमध्ये पंधरा-वीस राउटर त्याच तिघांत दाटीने बसतात, वर मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. जवळ बसून काम करायचं असेल तर ५ गिगाहर्ट्झ घ्या. जुन्या पेठांतल्या जाड दगडी भिंतींपलीकडे मात्र ते फारसं जात नाही; तिथे केबल टाकून दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारी डबी) बसवणंच बरं.

मोठ्या प्लॅनने तुटणं थांबत नाही. एचडी सिनेमाला ५ एमबीपीएसच्या आसपास वेग पुरतो. नळाला पाणीच नसेल तर तोटी मोठी करून काय मिळणार? बहिणीने १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा केला, नेट तसंच जात राहिलं.

राहिला उन्हाचा मुद्दा. फायबर काचेचं असतं आणि काच मऊ व्हायला हजार अंशांहून जास्त उष्णता लागते, तेव्हा ते वितळण्याचा प्रश्नच नाही. पण ऊन अगदी निर्दोषही नाही. घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा त्याच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत, फळीवर, सेट-टॉप बॉक्सला चिकटून ठेवलेला राउटर दुपारी गळपटू शकतो. उष्णतेने ॲडाप्टरमधले कपॅसिटर हळूहळू सुकतात, मग व्होल्टेज डगमगतं आणि डबी आपोआप रीस्टार्ट होऊ लागते. ॲडाप्टर बदलताना व्होल्ट जुन्याइतकेच घ्या, अँपिअर तेवढे किंवा जास्त. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर असूनही नेट जात असेल तर गल्लीतल्या केबलवाल्याचा स्विच, म्हणजे घराघरांत नेट वाटणारा डबा, कुणाच्या गच्चीवर आहे आणि त्याची बॅटरी किती टिकते हेही विचारा.

बहिणीकडे नेट रोज दुपारी साडेबाराच्या सुमाराला जायचं आणि संध्याकाळी आपोआप यायचं. त्यामुळे मेसेजमधलं ऊन तिला पटलं होतं. मी सांगितल्यावर तिने आठवडाभर वहीत वेळ आणि दिव्याचा रंग लिहिला. दर वेळी एलओएस लाल. मग एका दुपारी मी तिथेच बसून राहिलो. उन्हाची झळ नको म्हणून तिने सरकती खिडकी ओढली आणि मिनिटाभरात दिवा लाल झाला. फायबर त्याच खिडकीच्या चौकटीतून आत आलेलं होतं. काच सरकली की वायर मुडपायची आणि प्रकाश गळायचा. संध्याकाळी वाऱ्यासाठी खिडकी उघडली की नेट परत.

कस्टमर केअरला तोवर ती ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगत होती आणि पलीकडून दर वेळी रीस्टार्ट करा असं उत्तर मिळत होतं. या वेळी तिने वहीतल्या तारखा, वेळा आणि ‘एलओएस लाल’ हे वाचून दाखवलं, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) मागून लिहून घेतला, आणि आलेल्या मुलाला प्रकाशाची पातळी मीटरवर खिडकी उघडी असताना आणि बंद असताना अशी दोनदा मोजायला लावली. त्याने भिंतीला भोक पाडून वायर तिथून आत घेतली. पंचवीस मिनिटांचं काम. जुना १०० चा प्लॅन तिने पुढच्या महिन्यापासून परत घेतला.