‘आधी पीएचडी, आयुष्य नंतर’ म्हणणाऱ्यांना

संशोधक विद्यार्थ्यांमध्ये एक सल्ला वरचेवर फिरत असतो. मथितार्थ असा: पीएचडीची वर्षं म्हणजे तपश्चर्या. रोज चौदा तास काम करा. छंद, मित्र, व्यायाम, झोप, सगळं डिग्रीनंतर. हे ज्याला जमत नाही त्याला संशोधनाची भूकच नाही.

आधी ते चौदा तास. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी जॉन पेन्कावेल या अर्थतज्ज्ञाने २०१४ मध्ये पुन्हा तपासल्या. आठवड्याला साधारण ५० तासांनंतर जादा तासांचं फळ कमी कमी होत गेलं, आणि ७० तास राबूनही माल ५६ तासांपेक्षा फारसा जास्त निघाला नाही. कोणी म्हणेल, कारखाना वेगळा, संशोधन वेगळं. वेगळं आहेच. कारखान्यात निदान माल मोजता येतो. इथे रात्री साडेअकराला एकच परिच्छेद चौथ्यांदा वाचला जातो, खाली रेघा मारल्या जातात, आणि सकाळी त्या रेघा कशासाठी मारल्या तेच आठवत नाही. कोडमध्ये अधिकच्या जागी उणे पडतं आणि पुढचे दोन दिवस ते शोधण्यात जातात. चौदा तासवाल्यांच्या वहीत ती रात्रही जमा, ते दोन दिवसही जमाच!

‘मला सहा तास झोप पुरते’ हे वाक्यही याच सल्ल्यासोबत येतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही निरोगी माणसांना सलग १४ दिवस रोज जास्तीत जास्त सहा तास झोपू दिलं. चाचण्यांमध्ये त्यांची एकाग्रता दिवसेंदिवस ढासळत गेली, अख्खी रात्र जागलेल्यांइतकी. त्यांना विचारलं, तर ते म्हणत होते की फार काही झोप येत नाही. म्हणजे आपल्याला किती झोप पुरते याचा निवाडा अर्धवट झोपलेला मेंदू करत असतो.

आता ‘नंतर’. डिग्रीनंतर पोस्टडॉक, म्हणजे ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम, मग कायम नोकरीची धडपड, मग प्रकल्पांसाठी निधी. यातल्या कुठल्या टप्प्यावर मोकळीक मिळणार, ते सल्ला देणारे सांगत नाहीत. चार्ल्स डार्विनने १८७६ साली आठवणी लिहिल्या, तेव्हा कविता आणि संगीताची आपली आवड पार आटून गेल्याची खंत त्याने नोंदवली; पुन्हा जगायला मिळालं तर आठवड्यातून एकदा तरी दोन्हींसाठी वेळ काढीन, असं तो म्हणतो. तेव्हा तो साठीच्या पुढे होता. आणि हा माणूस दिवसाला चौदा तास नव्हे, जेमतेम चार-पाच तास जोमाचं काम करायचा. (तब्येत साथ देत नव्हती आणि घरी पैसा होता, हेही खरं. सगळ्यांना ती चैन परवडत नाही.)

गाणं शिकल्याने शोधनिबंध वाढतात का, या वादात मला पडायचंच नाही. नाही वाढले तरी शिकावं.

‘भूक नाही’ हा आरोप मात्र मला सगळ्यात जास्त खटकतो. बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागातल्या ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे ३२ टक्के जणांना मानसिक आजाराचा धोका दिसला; तितकंच शिकलेल्या इतर लोकांपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त होतं. कामाचा ताण, घर आणि काम यांची ओढाताण, गाईडची पद्धत या गोष्टींशी त्याचा संबंध आढळला. या सगळ्यांना भूक नव्हती?

सल्ल्यात एक गोष्ट खरी आहे. दर चार तासांनी नमुना घ्यायचा असेल तर रात्री लॅबमध्ये थांबावंच लागतं, आणि थिसिस जमा करण्याआधीचे आठवडे कुणाचेच सुखाचे जात नाहीत. पण ती निकड संपते. पाच वर्षं रोज निकडच असेल, तर विद्यार्थ्याच्या चिकाटीकडे बोट दाखवण्याआधी कामाची आखणी कोणी केली ते पाहायला हवं. वेळेवर पूर्ण ताबा विद्यार्थ्याचा नसतोच. म्हणून प्रवेश घेण्याआधी त्या लॅबमधल्या सीनियरना एकट्यात गाठून विचारा: आधीच्यांना किती वर्षं लागली? आणि सुट्टीवर जायचं असलं की सरांना काय सांगावं लागतं?