पेटीवाल्याने किती गप्प बसावं? खानापूरच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार. संसार आणि साथसंगत यांवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "साथीदाराने मागून जायचं, स्वतःला विसरायचं, आणि हे तुम्ही नवरा-बायकोला लावता. मग गवई कोण आणि पेटी कोणाच्या पुढ्यात, हे वेगळं सांगायला नको."

'स्वतःला विसरावं' हे वाक्य माझंच, आणि ते चुकलं. मागे घेतो. मागून जाण्याबद्दल मात्र थोडं भांडतो.

गवई आलाप करत असताना पेटी क्षणभर मागून येते, कारण पुढचा सूर त्याचा त्यानेच अजून ठरवलेला नसतो. आपण अंदाजाने निषाद दाबून मोकळे झालो आणि त्याला धैवतावरच थांबायचं होतं, तर त्याची वाट अडली. शिवाय पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही. तो पंचमावरून गंधारावर घसरत येतो, तेव्हा मधल्या पट्ट्या दाबत मागे लागलं की जिन्यावरून डबा गडगडल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा पंचम धरावा, भाता हलका करावा, तो पोचला की गंधाराला नुसतं बोट लावावं. नुसतं का, तर पेटीचा गंधार तंबोऱ्यात उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (शेजारच्या दोन पट्ट्यांत अंतर १०० सेंट). तिथे जोरात भाता मारलात तर सुरात असलेला गवईच बेसूर वाटतो. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला लांब ठेवलं, त्यामागचे मोठे आक्षेप हेच: मींड आणि श्रुती, म्हणजे सुरांमधली बारीक अंतरं. आपल्या वाद्याला काय जमत नाही हे ओळखून हात आखडता घेणं, याला मी पड खाणं म्हणणार नाही.

आणि साथीदार अडवतोही. आपल्याकडच्या भजनी मंडळांत हे नेहमीचंच आहे: गजर रंगला की टाळ पळायला लागतात. पखवाजही त्यांच्या मागे पळाला, तर दोन मिनिटांत म्हणणाऱ्याच्या तोंडात शब्द मावत नाहीत. अशा वेळी पखवाजवाल्याने भरणा, म्हणजे मधले जास्तीचे बोल, सोडायचा, साधा ठेका धरायचा, कणीक लावलेल्या बाजूची थाप ठळक ठेवायची. टाळ आपोआप जागेवर येतात. वरून डोळे वटारायचे नाहीत. त्याने टाळकरी बिचकतात आणि लय आणखी हलते.

तरी तुमचा एक मुद्दा खोडता येत नाही. बैठकीत गवई आधीच ठरलेला असतो, आणि पत्रिकेवर मोठ्या अक्षरात नाव त्याचंच. आपल्या बेळगावच्या रामभाऊ विजापुरे यांच्यासारखे पेटीवादक स्वतंत्र वादनासाठीही ओळखले गेले, पण साथीला बसल्यावर साथच. घरात असं कायमचं वाटप करून टाकलं तर तुमचा राग रास्त आहे. माझा दाखला तिथे तुटतो.

म्हणून दुसरा घेतो. पंडित जसराज यांच्या नावाने ओळखली जाणारी जसरंगी जुगलबंदी. स्त्री आणि पुरुष एकत्र गायचे तर एरवी दोघांतलं कोणीतरी आपली पट्टी, म्हणजे गळ्याला सोयीची सुराची उंची, सोडतं. मग पुरुष किंचाळतो किंवा बाईचा आवाज खाली दबतो. इथे दोघंही आपापल्या पट्टीत गातात. समजा, त्याचा षड्ज (सा) काळी दोन, म्हणजे पेटीच्या सप्तकातली दुसरी काळी पट्टी. त्याचा मध्यम येतो काळी चारवर, तोच तिचा षड्ज. तो दुर्गा राग गातो: काळी दोन, पांढरी चार, काळी चार, काळी पाच, वरची पांढरी एक. याच पाच पट्ट्या काळी चारपासून मोजल्या की तिचा भूप राग होतो. सूर पाचही तेच, राग दोन, आणि कोणीच कोणाच्या मागे नाही.

यात बिघडतं ते तंबोऱ्यामुळे. प्रत्येकाला आपल्या षड्जाचा तंबोरा कानाजवळ लागतो. तिला त्याचाच तंबोरा जास्त ऐकू आला, तर त्याचा षड्ज, जो तिचा पंचम, तिच्या कानात षड्ज होऊन बसतो. गळ्यातून सूर बरोबरच निघत असतात, पण भूप हातचा गेलेला असतो. तीही नकळत दुर्गाच गात असते. आवाज वाढवून हे सुटत नाही. तंबोरा जवळ ओढावा लागतो.

घरी पेटी असेल तर कोणाला तरी काळी दोन धरून ठेवायला सांगा आणि त्या पाच पट्ट्या वाजवा. मग काळी चार धरायला सांगा आणि त्याच पाच पुन्हा वाजवा. काय ऐकू येतं ते कळवा.