गाडीचं तोंड फिरवणं

लायसन हातात पडलं त्याच्या बाराव्या दिवशी मी माहेरच्या गल्लीत गाडी आडवी अडकवून बसले होते. पुढं उघडी नाली, मागं शेजारच्या काकूंचा दगडी ओटा. ओट्यावर काकू ज्वारी निवडत बसलेल्या, त्या काही सूप घेऊन उठेनात. "अक्का, येऊ दे, येऊ दे, लई जागा हाय," असं पाच जण पाच बाजूंनी सांगत होते. त्यातला एक जण "बास!" म्हणाला तेव्हा डिकी ओट्याला टेकून झाली होती. शेवटी चुलतभाऊ आला, मला उतरवलं, आणि मोबाईल कानाला तसाच धरून तीन झटक्यांत गाडीचं तोंड वेशीकडं केलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण मी, 41 वर्षांची, आणि गल्लीतली पोरं तोंडावर हात ठेवून हसतायत.

परवा भाचीनं लर्निंग काढलं आणि विचारलं, "मावशी, ट्रायलला काय काय असतं?" तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय.

माझी ट्रायल चार मिनिटांत आटोपली होती. कुठल्या आरटीओ ऑफिसात ते सांगत नाही, तेव्हा बदलीवर दुसरीकडं होते. फक्कीनं आखलेला आठ, मग दहा फूट रिव्हर्स, झालं, पुढचा कोण? शिकतानाही तेच. क्लासच्या गाडीत सरांच्या पायाशी वेगळा क्लच, वेगळा ब्रेक. महिनाभर मला वाटायचं, काय मऊ सुटतो आपला हाफ क्लच! तो सरांचा सुटत होता, हे त्या गल्लीत कळलं.

गंमत म्हणजे नियमात हे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, त्यातला 15 वा नियम वाचून बघा. चढावर गाडी थांबवायची आणि मागं न घरंगळता पुन्हा उचलायची, अरुंद जागेत रिव्हर्सनं गाडी घालायची, आणि पुढचा-मागचा गिअर वापरून गाडीचं तोंड उलट दिशेला करून दाखवायचं, असं सगळं त्यात लिहिलंय. माझ्याकडून कुणी करून घेतलं नाही. मीही "सर, हे राहिलं की" म्हणाले नाही, पेढे वाटले.

कुणी म्हणेल, इंग्लंडातही 4 डिसेंबर 2017 पासून हा तोंड फिरवायचा प्रकार परीक्षेतून काढून टाकलाय. काढलाय, खरंय. पण तिथं परीक्षक शेजारी बसून खऱ्या रस्त्यावर, खऱ्या ट्रॅफिकमधून गाडी चालवायला लावतो. आपण आधी तेवढं करू, मग काय काढायचं ते बघू.

आणि आपल्याकडचे रस्ते बघा ना. लातूर शहरात एक सोय आहे, गंजगोलाईला, म्हणजे मधल्या गोल बाजारपेठेला, सोळा रस्ते येऊन मिळतात, चुकलात तर गोलाईला एक चक्कर मारायची आणि आल्या वाटेनं परत. गावाकडं कुठली गोलाई? पंतप्रधान ग्रामसडकचा डांबरी पट्टा बहुतेक ठिकाणी पावणेचार मीटर. आल्टोसारखी छोटी गाडी साडेतीन मीटरच्या आसपास लांब. म्हणजे रस्त्यावर आडवी लावली तर पुढंमागं मिळून वीतभर जागा. एका दमात यू टर्न मारायचा तर याच गाडीला नऊ मीटरच्या वर जागा लागते. त्यातून साईडपट्टी काळ्या मातीची. उन्हाळ्यात हातभर भेगा, पावसाळ्यात लोणी. एक चाक खाली उतरलं की ट्रॅक्टर बोलवा. ऊसतोडीच्या दिवसांत समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला तर तो मागं जात नसतो, तुम्हीच जायचं. ज्या माणसाला इथं गाडी चालवायचीय त्याला आठ येऊन काय करायचंय? आठच्या आकड्याचा रस्ता मी अजून औसा तालुक्यात बघितला नाही.

मला हे खरं शिकवलं तात्यांनी. वडलांचे धाकटे भाऊ, जन्म ट्रॅक्टरवर गेलेला. गावाबाहेरच्या रस्त्यावर नेलं आणि पहिल्यांदा खाली उतरवून रस्ता बघायला लावला. "मधी उंच हाय का न्हाई? दोन्हीकडं उतार. गाडी आडवी झाली की कुठं पळल?" नालीकडं पळणार, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. म्हणून डांबराची कड येण्याआधीच ब्रेक. गाडी मुंगीच्या चालीनं सोडायची आणि स्टिअरिंग मात्र भराभर फिरवायचं, माझं सगळं उलट चालायचं. डावीकडून निघताना पूर्ण उजवा कट, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडं शेवटपर्यंत. पलीकडची कड हातभर राहिली की चाकं चालती असतानाच डावीकडं ओढायला लागायचं, म्हणजे रिव्हर्सला चाकं आधीच अर्धी वळलेली मिळतात. थांबलं की हँडब्रेक. मग मान वळवून मागच्या काचेतून बघत पूर्ण डाव्या कटानं मागं, तिथंही थांबायच्या आधी स्टिअरिंग उलटं. आरशावर तात्यांचा विश्वास नाही. नाली आरशात दिसत नाही, एवढं त्यांचं बरोबर आहे. मी विचारलं, तीनदाच पुढंमागं करून व्हायला पाहिजे का? म्हणाले, "धा येळा कर. कुणाचं लगीन लागायचं ऱ्हायलंय का?"

बायकांचं जरा वेगळं सांगते. आपण गाडी आडवी केली की अख्खा चौक मदतीला धावतो. कुणी काच वाजवतो, कुणी हातानं स्टिअरिंगची खूण करतो, एकानं तर खिडकीतून हात घालून स्टिअरिंगच धरलं होतं. त्या गडबडीत उजवं-डावं राहत नाही. मी आता काच वर करते आणि एकाच माणसाकडं बघते. तोही बहुतेक लहान पोरगा निवडते, कारण पोरं खरं सांगतात.

तर भाचीला रविवारी सकाळी त्याच रस्त्यावर नेलं. दोन्ही कडांना दोन-दोन विटा ठेवल्या. पहिल्या वेळी वीट गेली. दुसऱ्या वेळी गाडी बंद पडली, बरोबर रस्त्याच्या मधोमध आडवी, आणि समोरून मोटरसायकल आली. मागं दुधाचे कॅन. पोरीच्या कपाळावर घाम. "मावशी, तू घे ना." मी म्हणाले, हँडब्रेक लाव, न्यूट्रल कर, चालू कर.

सात कटांत वळली. आरशात बघितलं तर दूधवाला गाडी बंद करून स्टँडवर लावून तंबाखू मळत उभा होता. हॉर्न त्यानं एकदाही दिला नाही.