खुलासा : मे महिन्याच्या उन्हात अंडी आपोआप उबत नाहीत

‘विदर्भात पारा ४५ वर जातो, मग खुडूक (अंडी उबवायला बसणारी) कोंबडी कशाला अन् उबवणीचं मशीन कशाला? अंडी टिनाच्या खोलीत कुटारात (भुशात) ठेवा, २१ दिवसांत पिल्लं निघतील,’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. अंडी वाया जातील.

गर्भाला नुसती गरमी नको, एकसारखी ऊब हवी. पंख्याच्या मशीनमध्ये ३७.५ अंश. अंड्याच्या आत ४० च्या पुढे काही तास गेले तरी गर्भ मरू शकतो. टिनाखाली दुपारी ४५ च्याही वर, पहाटे ३० च्या आत. शिवाय कोरडी हवा अंड्यातलं पाणी ओढून घेते. कोंबडी अंडी दिवसातून कितीतरी वेळा फिरवते, कुटार फिरवत नाही; गर्भ कवचाला चिकटतो.

खरी अडचण अंडी उबवायला ठेवण्याआधीच सुरू होते. साधारण २७ अंशांच्या वर ठेवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढून मरतो. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरलं की रक्तवाहिन्यांच्या जाळ्याऐवजी लाल कडं दिसतं, ते हेच. म्हणून अंडी दिवसातून दोन-तीनदा उचला, माठाजवळच्या गारव्यात निमुळतं टोक खाली करून ठेवा, पाच दिवसांत उबवायला बसवा.

गावरान कोंबडीखाली १०-१२ अंडी पुरेत. टोपलं सावलीत, पाणी जवळ. मशीनमध्ये आर्द्रता १८ दिवस ५०-५५ टक्के, नंतर ६५-७०. शेवटचे तीन दिवस अंडी फिरवू नका, झाकण उघडू नका. मशीनही टिनाखाली नको: थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारा स्विच) ऊब देणारा बल्ब बंद करतो, खोली थंड करत नाही.