अहिराणीत कॉमेंट्री झाली तर?

भाच्याच्या हळदीला डीजेवर अहिराणी या आमच्या खान्देशी बोलीतली गाणी लावायची की नाही, यावरून शिरपूरच्या आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या रण पेटलंय. अण्णांचं म्हणणं, नवरीकडचे पाहुणे पुण्याचे, त्यांच्यासमोर हे नको. आधीच रील्सवाल्यांनी खान्देशचं हसं करून ठेवलंय. पोरं म्हणतात, अण्णा, या गाण्यांना कोट्यवधी व्ह्यूज आहेत, पुण्याचेच आधी नाचतील. मी इकडे वेल्समध्ये, कार्डिफला बसून वाचतोय आणि मला दोन्ही बाजू पटत नाहीत.

बहिणाबाईंची ओवी म्हटली की अण्णांचा ऊर भरून येतो. (त्यांची लेवा गणबोली, अहिराणी नव्हे, हे जळगावचं कुणीतरी सांगणारच, म्हणून मीच सांगून टाकतो.) म्हणजे बोली पुस्तकात असली की सोनं आणि डीजेवर आली की लाज! हळदीत ओव्या कोण लावतं?

पोरांचं व्ह्यूजचं गणितही तितकंच कच्चं. नुसत्या आकड्यांनी भाषेला मान मिळत नाही. 2021 च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श भाषा येणारे निघाले साधारण 5 लाख 38 हजार. आपल्याकडे 2011 ला 'खान्देशी' (यात अहिराणी आलीच) नोंदवणारे 18 लाखांच्या वर. तरी इथे एस-फोर-सी हे वेल्श चॅनल 1982 पासून सुरू आहे. त्यावरची 'पोबोल अ कुम' ही मालिका तर त्याहून जुनी, 1974 ची. त्यातली माणसं वेल्शमध्ये भांडतात, संसार मोडतात, दुकानं चालवतात. वेल्श बोलतात म्हणून त्यांना कुणी हसत नाही. आपल्या मालिकेत खान्देशी बोलणारं पात्र दारातून आत आलं की समजावं, आता विनोद होणार.

2022 च्या फुटबॉल विश्वचषकात वेल्सच्या सगळ्या मॅचेस एस-फोर-सीवर वेल्श कॉमेंट्रीसह होत्या. आमच्या शेजारच्या निवृत्त बसड्रायव्हरला वेल्श जेमतेम अर्धी कळते. इंग्लंडनं 3-0 नं हाणलं, तेव्हाही त्यानं चॅनल बदललं नाही. शिव्या मात्र इंग्लिशमध्ये दिल्या.

आपल्याकडे 2023 च्या आयपीएलला जिओसिनेमावर भोजपुरी कॉमेंट्री आली, तेव्हा आमचा ग्रुप क्लिपा फिरवून हसत होता. अहिराणीत आली तर काय होईल मला ठाऊक आहे. 'दखा रे भो, चेंडू गया शिवारमा!' एवढ्यावर आठवडाभर रील्स निघतील. पण खरी मजा त्यानंतर आहे. क्रिकेटमध्ये, विशेषतः कसोटीत, तासन् तास काहीच घडत नाही. फिरकीवाला एकाच टप्प्यावर टाकत राहतो, फलंदाज पाय पुढे काढून अडवत राहतो. तेव्हा विनोद संपतात आणि बोलीला कामाला लागावं लागतं. क्षेत्ररक्षण का बदललं, खेळपट्टी कुठं उखडली, हे सरळ सांगावं लागतं. रील तीस सेकंदांची असते, तिच्यावर ही वेळच येत नाही.

वेल्शवाल्यांना हे फुकट मिळालेलं नाही. दिलेला शब्द फिरवून सरकारनं चॅनल द्यायला नकार दिला, तेव्हा 1980 मध्ये ग्विनफर एव्हन्स या पुढाऱ्यानं आमरण उपोषणाची धमकी दिली आणि पंतप्रधान थॅचरबाईंना माघार घ्यावी लागली. अहिराणीसाठी उपोषणाला कोण बसतंय? आमचे अण्णा तर चतुर्थीलाही दोनदा फराळ करतात.

पण आयपीएलचीच वाट कशाला बघायची? चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरीनं 2014 ते 2016 सलग तीनदा महाराष्ट्र केसरी मारली. कुस्त्यांच्या दंगली आपल्याकडे गावोगावच्या यात्रांत होतातच आणि तिथं माईकही असतो. त्यावर फेटे, देणगीदार आणि प्रमुख पाहुणे यांचीच नावं फार वेळ चालतात. तो माईक एखाद्या जुन्या पहिलवानाकडे द्या आणि पकड का सुटली, पंचांनी कुस्ती बरोबरीत का सोडवली, हे त्याला तासभर अहिराणीतच सांगू द्या. पुण्याचे पाहुणे असतील तर त्यांना पुढच्या रांगेत बसवा.